मालदांडी कुठल्या कंपनीची?

पाटावरवंटा | २७ जानेवारी, रात्री १०:१५

लिहायची थोडी लाज वाटतेय, पण लिहून टाकते.

आमची पुण्यातली सोसायटी १८० घरांची. २६ जानेवारीला झेंडावंदन, मग वडापाव, मग मुलांची लिंबू-चमचा शर्यत, हा ठरलेला क्रम. यंदा समितीत मी आहे, त्यामुळे अंगात आलं. म्हटलं, आपल्याकडच्या शेतमालाची लोकांना ओळख करून देऊ आणि पिकवणाऱ्यांकडून थेट विक्रीही होऊ दे.

महिनाभर खपले. भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावं म्हणून होणारी नोंद) मिळालेल्या वस्तूंचे चोवीस रंगीत फलक केले. नागपूरचं संत्रं, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, पुरंदरचं अंजीर, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, लासलगावचा कांदा, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा... यादी मोठी आहे. एका निवृत्त प्राध्यापकांना भाषणाला बोलावलं. चार टेबलं मांडली: मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, मुळशीचा आंबेमोहोर, कोल्हापुरी गूळ आणि सिंधुदुर्गातून आमसुलं व कोकमाचं आगळ. ज्वारीवाले काका तर भाच्याच्या टेम्पोत तीन क्विंटल माल घालून रात्रभर प्रवास करून आले.

भाषण पन्नास मिनिटं चाललं. साडेदहाला वडापाव आले आणि मंडप रिकामा. फलकांपाशी मुलं लपाछपी खेळली.

गूळ तासाभरात संपला. तांदूळ तीस किलो गेला. आगळाच्या चार बाटल्या, त्यातल्या दोन मीच घेतल्या. ज्वारी चाळीस किलो. ज्वारीच्या टेबलाशी बी विंगमधल्या एक ताई थांबल्या, दाणे तळहातावर घेऊन बघितले आणि अगदी मनापासून विचारलं, "मालदांडी कुठल्या कंपनीची?"

काका म्हणाले, "आमचीच आहे, ताई."

दोन क्विंटल साठ किलो परत गेली. डिझेलचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. मला रात्री झोप लागली नाही. कुणी असं काही केलं असेल तर सांगा, कुठे चुकलं?

---

भीमाकाठ | २७ जानेवारी, रात्री ११:०२

ताई, आधी एक सांगतो, मी त्याच पट्ट्यातला. तुमचे काका कोण ते माहीत नाही, पण रिकाम्या हाताने परत गेलेला टेम्पो मला माहीत आहे.

तुमची पहिली चूक कॅलेंडरची. आमची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. जानेवारीत कणसं हुरड्याला आलेली असतात. नवी ज्वारी खळ्यावर येते फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे ज्या दिवशी रानात हुरडा तयार होता, त्या दिवशी तुम्ही लोकांपुढे गेल्या वर्षीची पोत्यातली ज्वारी ठेवली. धान्य वाईट नसतं, पण नव्या मालदांडीची मोत्यासारखी चकाकी आणि गोडवा वर्षभरानं तसा राहत नाही.

गूळ का संपला? कारण आत्ता गुऱ्हाळं चालू आहेत, माल ताजा होता. आणि गुळाचं काय करायचं हे घराघरात माहीत आहे. खडा तोंडात टाकला की झालं.

दुसरी चूक फलकाची. तुम्ही लिहिलं असणार "जीआय मानांकित, सोलापूर जिल्हा". त्यातून कुणाला काय कळतं? त्यापेक्षा असं सांगा की हे पीक पाण्याशिवाय येतं. काळी खोल जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते, वरून थंडीतलं दव, तेवढ्यावर चार महिने काढतं. काढणीला विळा लावत नाहीत, ताटं मुळासकट उपटतात. दिवसभर उपटून बघा, हाताच्या सालपटांवरून भाव ठरवाल. ज्वारीला दर नसला तर कडबा शेतकऱ्याला तारतो. म्हणून आम्ही ज्वारी लावतो तेव्हा अर्धा हिशेब जनावरांचा असतो.

आणि मालदांडी ही कंपनी नसली तरी तिला जन्मगाव आहे. मालदांडी ३५-१ हे वाण आमच्याच जिल्ह्यात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलं गेलं, तेही स्वातंत्र्याच्या आधी. अजून टिकून आहे.

गोष्टच सांगायची तर दामाजीपंतांची सांगा. दुष्काळात बादशहाची कोठारं ज्यांनी उघडली, ते मंगळवेढ्याचे. त्या कोठारांत दुसरं काय असणार?

---

तिरकस | २८ जानेवारी, सकाळी ८:२०

पाटाताई, दिवे घ्या, पण बी विंगच्या ताईंचा प्रश्न मला हसण्यासारखा वाटत नाही. शहरातला माणूस पिशवीवरचं नाव वाचून माल घेतो. नाव ओळखीचं नसलं की कंपनी विचारतो. तुम्हीही साबण घेताना तेच करता.

दुसरं, हे "आपलं" प्रकरण. विजापूर सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. तिथल्या काळ्या रानातही हीच मालदांडी पिकते. ती परकी? आणि नागपूरचं संत्रं सातशे किलोमीटर गाडीतून येऊन पुण्यात "स्थानिक"? नकाशावरची रेघ जिभेला कळते का?

तिसरं, भाव. आमच्या कोपऱ्यावर ज्वारी ५८ रुपये किलो. तुमची?

---

पाटावरवंटा | २८ जानेवारी, सकाळी ९:०५

७० होती. आणि हो, मी भावाबद्दल काही लिहिलंच नव्हतं, कारण मलाही उत्तर नाही.

---

भीमाकाठ | २८ जानेवारी, दुपारी १:४०

तिरकसराव, विजापूरची ज्वारी परकी कोण म्हणतंय? माती तीच, आमच्या सोयरिकीही तिकडं आहेत. तिथला शेतकरीही आमच्यासारखाच मरमर करतो. आमचं म्हणणं एवढंच की तिच्या पोत्यावर मंगळवेढा छापून कुणी विकू नये. त्यात आम्हीही बुडतो आणि विजापूरवाल्याचं नावही कधी होत नाही. मधला तेवढा मोठा होतो.

७० चं म्हणाल तर तीन क्विंटलसाठी आख्खा टेम्पो आणल्यावर दुसरं काय होणार.

---

कलमबाग | २८ जानेवारी, रात्री ९:३०

थोडं लांबण लावतो, कारण जीआयबद्दल ग्राहक आणि शेतकरी दोघांचाही घोळ आहे.

कायदा १९९९ चा, अंमल सप्टेंबर २००३ पासून, नोंदणीचं कार्यालय चेन्नईला. देशात पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची. आमच्या हापूसला २०१८ उजाडलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतलं फळ "हापूस" या नावाने विकता येतं. ताईंच्या फलकांवरच्या बऱ्याच वस्तू त्याआधी २०१६ मध्ये नोंदल्या गेल्या.

आता गोम. जीआय एखाद्या संस्थेच्या नावाने नोंदतात. पण मी त्या पाच जिल्ह्यांत बागायतदार आहे म्हणून मला आपोआप हक्क मिळत नाही. मला "अधिकृत वापरकर्ता" म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. कागद, सातबारा, अर्ज. माझी झाली आहे. शेजारच्या बागेत विचारलं तर म्हणाले, "त्याने पेटीला चार पैसे जास्त मिळतात का?" प्रामाणिक उत्तर द्यायचं तर जो ग्राहक विचारतो त्याच्याकडून मिळतात. विचारणारेच कमी.

म्हणून लोकांना शिकवायचं असेल तर चोवीस फलकांऐवजी एक वाक्य शिकवा: "तुमचा अधिकृत वापरकर्ता क्रमांक दाखवा." बाजारात दहा जणांनी हे विचारलं तरी पुढच्या वर्षी विक्रेता कागद खिशात घेऊन फिरेल. बाहेरचं फळ कोकणच्या पेटीत, कोकणातल्याच वर्तमानपत्राच्या रद्दीत गुंडाळून येतं, हे आता शेंबडं पोरही जाणतं. साल हाताला जाड लागली की आम्हाला कळतं, पण ते गिऱ्हाइकाला लिहून शिकवता येत नाही, दोन फळं हातात द्यावी लागतात.

आणि आमच्या लोकांच्या चुकांवर पांघरूण घालणार नाही. मार्चचा चढा भाव गाठायला कोवळी फळं उतरवतात. मग पिकवायला नको ते उद्योग. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे, हे दोन्ही लोकांना माहीत नाही. सरसकट "केमिकलचे आंबे" म्हणून मोकळे होतात.

मी पेटीत एक चिठ्ठी घालतो. पेटी उघडा, फळं गवतावर एका थराने मांडा, कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका, रंगाची वाट बघू नका, घरात शिरताच वास आला की समजा. ही चिठ्ठी घालायला लागल्यापासून "आंबे खराब निघाले" असे फोन निम्म्याहून कमी झाले. आंबे तेच आहेत.

जाता जाता: आगळ जानेवारीत कसं खपणार? थंडीत सोलकढी कोण पितं? शिवाय आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. ज्याला हे ठाऊक नाही तो सरबत समजून साखर-पाणी घालतो, तोंड वाकडं करतो आणि बाटली बेसिनमध्ये ओततो. बाटलीला नारळाचं दूध, लसूण-मिरची आणि चार ओळींची कृती बांधून द्या. एप्रिलात.

---

वाचनवेडी | २८ जानेवारी, रात्री ११:१०

बेसिनमध्ये ओतणारी ती मीच. दहा वर्षांपूर्वी. आज कळलं.

---

खडूफळा | २९ जानेवारी, दुपारी ४:१५

मी शाळेत शिकवते. पाचवीच्या वर्गात वाट्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि राळे ठेवले होते. ४२ मुलांपैकी पाचही ओळखणारी एक मुलगी निघाली, तिची आजी गावाहून आली होती. दोघांनी नाचणीला मोहरी म्हटलं. हे झालं २०२३ मध्ये, जे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. शाळेत पोस्टर आलं, घोषवाक्यांची स्पर्धा झाली. वाट्या मात्र मीच घरून नेल्या.

पण मला पाटाताईंना वेगळंच सांगायचंय. ज्वारी न खपण्याचं कारण अज्ञान हे अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे भाकरी येत नाही. कबूल कुणी करत नाही. "आमच्याकडे मुलं खात नाहीत" असं म्हणतात. खरं तर थापताना चिरते, परातीला चिकटते, तव्यावर टाकताना मोडते, आणि चार वेळा मोडली की माणूस पोळीकडे वळतो.

यात पिठाचाही दोष असतो. दुकानातलं पॅकेटचं पीठ कधी दळलेलं देव जाणे. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, ते एकजीव होत नाही. ताज्या पिठाची भाकरी नवशिक्यालाही जमते. पीठ जुनं असेल तर उकळतं पाणी घालून मळायचं, हे आपल्या आयांना माहीत होतं, ते कुठल्याही फलकावर नसतं.

तेव्हा धान्य विकण्याआधी थापायला शिकवा. आणि तीस किलोची गोणी शहरातल्या स्वयंपाकघरात ठेवायची कुठे? दोन किलो ताजं पीठ द्या, दर दहा दिवसांनी.

---

तिरकस | २९ जानेवारी, संध्याकाळी ६:००

खडूफळाबाई, हे पटलं. आमच्याकडे भाकरी मीच करतो आणि ती मोडते. कुणाला सांगू नका.

---

मावळवारा | ३० जानेवारी, सकाळी १०:४५

आंबेमोहोराबद्दल. तीस किलो गेला, छान, पण घेणाऱ्यांपैकी किती जण परत मागतील? माझा अंदाज, निम्मे म्हणतील की भात गिचका झाला. बासमतीची सवय लागलेल्या हातांनी कुकरला लावला, तेवढंच पाणी, तेवढ्याच शिट्ट्या. हा तांदूळ मोकळ्या भाताचा नव्हेच. मऊ, आसट, वर तूप-मेतकूट, आजाऱ्याला पेज, बाळाला पहिला घास. नवा असेल तर पाणी आणखी कमी.

तो एवढा दुर्मिळ का, हेही सांगायला हवं. ताट उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं. उतारा कमी. भरडताना दाणा तुटतो, कणी फार होते. शेतकऱ्याने काय बघून लावायचा? म्हणून आमच्याकडे सगळे इंद्रायणीकडे गेले. ती आंबेमोहोराचीच लेक: आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात तयार झाली, १९८७ मध्ये प्रसारित झाली. आईचा वास थोडा, पण पदरात धान्य जास्त. तिला नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. भातशेती टिकली ती तिच्यामुळे.

एक करून बघा. तीन पातेली भात, खरा आंबेमोहोर, इंद्रायणी, आणि दुकानातला सुटा "आंबेमोहोर" म्हणून मिळणारा. नावं झाका. लोकांना फक्त वास घ्यायला आणि दोन घास खायला द्या. भाषण करू नका.

---

केळीचं_पान | ३० जानेवारी, रात्री ८:५५

आम्ही खान्देशी माणसं भाषणाच्या भानगडीत पडतच नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही जीआय आहे, पण आमच्या पुण्यातल्या मंडळाने त्याचा उल्लेखही केला नव्हता. डिसेंबरात मोकळ्या मैदानात काट्याकुट्या पेटवल्या, ती मोठी हिरवी वांगी भाजली, लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर कुटली. सोबत कळण्याची भाकरी. धुराचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. लोक स्वतःहून खाली आले आणि विचारायला लागले, "हे वांगं कुठे मिळतं?" जांभळ्या वांग्याचं असं होत नाही का, म्हणून कुणीतरी विचारलंच. दोन्ही भाजून दाखवली. संपला विषय.

फायर सेफ्टीवाल्यांनी नंतर समितीला पत्र दिलं ते वेगळं.

---

रानवाट | १ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

सगळे तयार मालाबद्दल बोलताय, बियाण्याबद्दल कुणीच नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं आणि बायकांना वाटलं. वाल-घेवड्याचेच किती प्रकार! शहरातल्या माणसाला वाल म्हटलं की एक वाल.

पाटाताई, जूनमध्ये काही करणार असाल तर रानभाज्या घ्या. पण शेवळं विकायला ठेवलीत तर सोबत काकडं (आंबट रानफळं) ठेवा, नाहीतर घशाला खाज सुटून तुमच्या दाराशी रांग लागेल. रानभाजीत ओळख चुकली तर चेष्टा नसते. विकणाऱ्या बाईलाच बोलू द्या, ती सांगेल कुठलं पान घ्यायचं, कुठलं टाकायचं. आपण मध्ये माइक घेऊन उभं राहू नये.

---

पाटावरवंटा | १ फेब्रुवारी, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. माइकचा टोमणा पोचला.

मार्चमध्ये परत करते. काकांना फोन केला, ते म्हणाले, "आधी ऑर्डर घ्या, मग बोलू." बरोबरच आहे.

---

पाटावरवंटा | ३१ मार्च, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. झालं, त्याचा वृत्तान्त.

या वेळी एकच वस्तू विकायला: नवी मालदांडी. आधी नोंदणी. बी विंगच्या त्या ताईंना मुद्दाम सोबत घेतलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या उलट म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं, आणि माझ्यासारख्या पन्नास जणी आहेत, त्यांना विचारायची लाज वाटते." त्यांनीच घरोघरी फिरून ४०० किलोची नोंद आणली. शेजारच्या दोन सोसायट्या धरून.

फळ्यावर हिशेब लिहिला. शेतकऱ्याला ४८, सफाई आणि बारदान ४, गाडीभाडं १०, एकूण ६२ रुपये किलो. काकांनी डाळिंबाच्या गाडीत जागा मिळवली म्हणून ४,००० त भागलं. दुकानापेक्षा चार रुपये जास्तच. दोघांनी फळा वाचून नोंद मागे घेतली, एकाने उलट विचारलं की शेतकऱ्याला ४८ का, जास्त का नाही. काका म्हणाले, "बाजार समितीत यापेक्षा कमी मिळतात, तुमच्याकडून ४८ पुरे, पण दरवर्षी घ्या."

भाकरीचा वर्ग घेतला क्लबहाउसमध्ये. सोसायटीत घरकाम करणाऱ्या दोन मावशींना शिकवायला बोलावलं, मानधन देऊन. पंचवीसेक जण आले, त्यात नऊ पुरुष. एक मावशी भलत्याच कडक. एका आयटीतल्या साहेबांना म्हणाल्या, "हात ओला करा, परात नव्हे." पहिल्या वीस भाकऱ्यांचे आकार महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांसारखे होते. सगळ्या संपल्या. कुणीच भाषण केलं नाही, पण दामाजीपंतांची गोष्ट मावशींनीच सांगितली, त्या मूळच्या पंढरपूरकडच्या निघाल्या. एकादशीला दामाजींचा अभंग म्हणायची त्यांच्या घरी रीत आहे म्हणे.

आता गडबडी. तांदळाची झाकलेली परीक्षाही घेतली, ३१ जणांनी खाल्लं. त्यातल्या १७ जणांनी इंद्रायणीला आंबेमोहोर ठरवलं, ८ जणांनी बरोबर ओळखला, ६ जणांना दुकानातला सुटाच आवडला. आंबेमोहोर देणारे दादा तिथेच होते. त्यांचा चेहरा उतरला. ही परीक्षा मी त्यांना विचारून घ्यायला हवी होती.

आणि ज्वारी आल्यावर सात तक्रारी. गोंडर (दाण्यांतलं भुसकट) आहे, खडे आहेत. चार रुपये सफाईचे घेऊन ही सफाई? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

मावळवारा | ३१ मार्च, रात्री १०:२०

त्या दादांना माझ्यातर्फे सांगा की हिरमुसू नका. वासाचा तांदूळ भरडून महिनोन्‌महिने प्लॅस्टिकच्या गोणीत ठेवला की वास उडतोच. भात साळीतच ठेवावा आणि लागेल तसा भरडावा. तुम्ही खाल्लेला कधी भरडलेला होता? डिसेंबरातला असेल तर ती परीक्षा तांदळाची झालीच नाही, साठवणीची झाली. आणि आठ जणांनी ओळखला ना? त्या आठ जणांची नावं लिहून ठेवा. ती त्यांची गिऱ्हाइकं.

---

भीमाकाठ | १ एप्रिल, सकाळी ६:५०

ताई, सफाईचं ऐका. खळ्यावर मळणी यंत्रातून निघालेली ज्वारी आम्हाला स्वच्छच वाटते, कारण आमच्या घरात ती सुपात पाखडून, निवडूनच गिरणीत जाते. तुमच्याकडे सूप नाही, निवडायला वेळ नाही. यात कुणाचं खोटं नाही. पण तुम्ही पैसे दिलेत तर माल तुमच्या पद्धतीचा हवा, हे शेतकऱ्याने शिकायचं. ग्रेडिंगचं यंत्र तालुक्याला असतं, तिथे नेण्याआणण्याचा खर्च चार रुपयांत बसत नाही. सहा धरा, आणि फळ्यावर तसं लिहा.

साठवताना एक कडक ऊन द्या, वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घाला. पावसाळ्याआधी परत एकदा ऊन.

---

तिरकस | १ एप्रिल, दुपारी १२:३०

ज्वारी मी घेतली नाही. चार रुपये चार रुपये आहेत. पण तो फळा मला आवडला, दुकानदाराला असा फळा लावायला सांगून बघा, काय चेहरा होतो ते.

प्रश्न एकच, गाडीभाडं १० हे सगळ्यात ढिलं कलम दिसतंय. डाळिंबाच्या गाडीत जागा मिळाली म्हणून भागलं, पुढच्या वर्षी नाही मिळाली तर? आमच्या बाजूच्या तीन सोसायट्या धरून टनभर माल झाला तर भाडं किलोमागे निम्म्यावर येईल. तसं झालं तर ज्वारी घेण्याचा विचार करीन. विचार म्हणालोय.

---

पाटावरवंटा | १ एप्रिल, रात्री ९:१५

टनभर उतरवून ठेवायला जागा कुठे? आमचा क्लबहाउस चार तासांसाठीच मिळतो, त्यानंतर तिथे झुंबा.

---

कलमबाग | १ एप्रिल, रात्री ९:४०

पार्किंगमध्ये उतरवा, दुपारी गाड्या नसतात. आणि एप्रिल लागलाय, आगळाचं लक्षात आहे ना? या वेळी कृतीची चिठ्ठी मी पाठवतो, नारळाचं दूध किती घालायचं यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, दोन्ही लिहीन.

---

भीमाकाठ | १ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, एक राहिलं. काका म्हणत होते, गोण्या रिकाम्या झाल्या की फेकू नका म्हणावं. बारदान महाग आहे, पुढच्या डाळिंबाच्या गाडीत परत पाठवा. आणि जानेवारीत मुलांना घेऊन हुरड्याला या. विजापूरचे पाहुणेही असतील, तिरकसरावांना त्यांच्याशेजारी बसवू.